खोकेवाल्या काकूंची पत्रपेटी

गेल्या अंकात आम्ही सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत तीस वर्षांहून जास्त काळ पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका उद्योजिकेची ओळख छापली होती. नाव छापायचं नाही ही त्यांची अट होती, त्यामुळे वाचकांनीच ‘खोकेवाल्या काकू’ असं बारसं करून पत्रं पाठवली. काकूंनी उत्तरं तोंडी सांगितली, आम्ही लिहून घेतली. एका ओळीत उडवलेली उत्तरंही तशीच ठेवली आहेत.

काकू, तुमच्या मिस्टरांना प्रेसमध्ये पक्की नोकरी होती असं वाचलं. मग हे धंद्याचं खूळ कुठून आलं? आणि भांडवल कुणी दिलं?
— एक गृहिणी, जेलरोड

तुम्ही जेलरोडच्या, म्हणजे हा विनोद तुम्हीही ऐकलेला असणार. नवरा नाशिकरोडला नोटांच्या प्रेसमध्ये, त्यामुळे भाजीवालीपासून नणंदेपर्यंत सगळ्या म्हणायच्या, ‘तुला काय कमी, तुझा माणूस नोटाच छापतो.’ छापायचा की. दिवसभर छापायचा, अंगझडती देऊन बाहेर पडायचा आणि एक तारखेला त्यातल्या मोजक्या, रीतसर, पाकिटातून घरी आणायचा. त्यात आम्ही दोघं, दोन मुलं, सासूबाई आणि दिराचं कॉलेज.

माझे वडील जुन्या नाशकात वह्या-पुस्तकं बांधायचे. पुठ्ठा कुठे मोडतो, घडीला चीर किती खोल द्यायची, खळ किती पातळ ठेवायची, हे सगळं खेळता खेळता हाताला लागलं होतं. १९८८च्या दिवाळीत रविवार कारंज्यावरच्या एका मिठाईवाल्याला बॉक्स कमी पडले. वडील तोवर थकले होते, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. दोन गठ्ठे पुठ्ठा उधारीवर, मैदा घरचा, कात्री वडिलांची. रात्री सासूबाई घड्या घालायच्या आणि मी खळ लावायची. शेकड्याला चौदा रुपये सुटायचे. सहा वर्षं हेच केलं. घरात पाय ठेवायला जागा नसायची. मुलं खोक्यांच्या थप्पीवर अभ्यास करायची.

१९९४ला सातपूरला गाळा भाड्यानं घेतला. पैसे दोन ठिकाणचे. एक, आमची वीस बायकांची भिशी होती, तिचा पहिला नंबर सगळ्यांच्या हातापाया पडून मी मागून घेतला. दोन, मिस्टरांनी त्यांच्या सोसायटीचं कर्ज काढलं. त्यातून जुनं कोरुगेशन मशीन आणलं, अमृतसरच्या बनावटीचं. दोन तापलेले, खाचा पाडलेले लोखंडी रूळ. त्यातून क्राफ्ट, म्हणजे खोक्याचा तपकिरी कागद, गेला की त्याची लाट होते. त्या लाटेला एका बाजूनं सपाट कागद चिकटवला की टू-प्लाय, दोन्ही बाजूंनी चिकटवला की थ्री-प्लाय. आणखी एक लाट आणि आणखी एक कागद घातला की फाइव्ह-प्लाय. बाहेरून दिसतो तो कागद. ओझं पेलते ती आतली लाट.

रोजचा प्रवास विचारू नका. जेलरोड ते द्वारका, द्वारका ते सीबीएस, सीबीएस ते सातपूर. तेव्हा शहरातल्या बसही एसटीच चालवायची.

‘पन्नास खोके’च्या घोषणेनंतर लोक तुम्हाला चिडवतात का?
— एक विद्यार्थी, कॉलेज रोड

चिडवतात रे. २०२२पासून बँकेच्या रांगेत उभं राहून फोनवर ‘पाच हजार खोके आजच पाठवले’ म्हणायची सोय राहिलेली नाही. सगळी रांग वळून बघते. आमच्या खोक्याचे वीस-पंचवीस रुपये होतात, तेही वेळेवर मिळाले तर.

लेखात तुमच्या समाजकार्याबद्दल वाचून भारावून गेले. पाळणाघर, महिलांसाठी सोयी... या कार्याची प्रेरणा तुम्हाला कुठून मिळाली?
— एक निवृत्त शिक्षिका, गंगापूर रोड

बाई, तुमचं अक्षर फार सुंदर आहे. पण ‘समाजकार्य’ हा शब्द त्या लेखात चार वेळा आला होता. मी मोजला. मला तो नको होता.

सांगते काय झालं ते. गाळा घेतला तेव्हा तिथे एकच मुतारी होती, पुरुषांची, आणि तिला दार नव्हतं. पहिल्या वर्षी माझ्याकडे पाच बायका होत्या. मे महिन्यात, पत्र्याखाली, रुळांच्या उष्णतेत काम. आणि या बायका दिवसभर पाण्याचा घोट घेत नाहीत. माठ भरलेला तसाच. मला वाटायचं, कामाचं वेड आहे. मग दोघींना एकाच आठवड्यात उन्हाळी लागली आणि एक चक्कर येऊन मशीनपाशी पडली, हात रुळापासून वीतभर लांब. तेव्हा तिनं सांगितलं, ‘ताई, पाणी प्यायलं की जावं लागतं. जायचं कुठे?’ मला हे कळायला वर्ष लागलं, कारण मी स्वतः शेजारच्या युनिटच्या ऑफिसात जात होते. मालकीण म्हणून मला तिथे किल्ली मिळायची.

गाळ्याच्या मालकानं बांधायला नकार दिला, म्हणून मी माझ्या खर्चानं बांधून घेतलं, आतून कडी असलेलं. याला समाजकार्य म्हणायचं का? ते आधीपासून असायला हवं होतं आणि नव्हतं, एवढंच.

पाळणाघराचंही तेच. एक दिवस बघते तर कागदाच्या दोन रिळांच्या मध्ये साडीची झोळी बांधलेली, आत सात महिन्यांचं पोर, आणि वरून कागदाची धूळ. त्या वेळच्या कारखाना कायद्यात तीसहून जास्त बायका असल्या तरच पाळणाघर सक्तीचं होतं. माझ्याकडे अकरा होत्या. म्हणजे कायद्यानं मी मोकळी होते. पण झोळी रोज दिसायची. १९९९ला शेजारच्या बंद युनिटमधली वॉचमनची खोली मागितली. शेजारच्या आणखी दोघांना पटवलं, कारण त्यांच्याकडच्या बायकाही मूल झालं की काम सोडत होत्या आणि नवी बाई शिकवायला त्यांचे दोन महिने जात होते. त्यांना मी ‘पुण्य लागेल’ असं अजिबात सांगितलं नाही. दोन महिन्यांच्या पगाराचा हिशेब कागदावर मांडून दाखवला. दुसऱ्या दिवशी दोघांनी पैसे दिले.

पेस्टिंगच्या, म्हणजे खळ लावणाऱ्या, एका बाईचे गुडघे गेले होते. मुलं सांभाळायला तीच बसली. दुपारी मुगाची खिचडी, चार वाजता राजगिऱ्याचा लाडू. आयांकडून दिवसाला दोन रुपये घ्यायचो. मी नको म्हणत होते. त्याच म्हणाल्या, ‘फुकट नको. उद्या कमी-जास्त झालं तर भांडता आलं पाहिजे.’ आणि भांडल्याही. लाडू छोटा झाला म्हणून एकदा सगळ्या जणी माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. तुम्ही प्रेरणा विचारलीत, ती अशी टेबलापाशी यायची.

माझी आई तुमच्याकडे पेस्टिंगला होती. स्टिचिंगवरच्या पुरुषांपेक्षा तिला कमी पगार मिळायचा. गेल्या अंकातल्या लेखात हे कुठेच आलं नाही.
— नाव छापू नये, पवननगर, सिडको

खरं आहे. १९९४ ते २००९, पंधरा वर्षं. समान वेतनाचा कायदा १९७६चा, म्हणजे मी उघड उघड तो मोडत होते आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. डोक्यात पक्कं बसलेलं होतं की मशीनवर पिना मारणं हे कसबाचं काम, आणि खळ लावणं काय, बायका घरीही पोळ्या लाटतातच.

२००९च्या लग्नसराईत स्टिचिंगचे दोघंही गावी गेले. ऑर्डर अंगावर आली. पेस्टिंगच्या एकीनं मशीन हातात घेतलं आणि चार दिवसांत तिचा हात बसला. मग पेस्टिंगला माणूस कमी पडला म्हणून मी लोडिंगचा एक तरणा मुलगा बसवला. दुपारपर्यंत त्याची अर्धी शीटं तिरकी, लाट चेपलेली, आणि तो स्वतः केसांपर्यंत खळीनं माखलेला. खळ जास्त झाली तर लाट विरघळते, कमी झाली तर कागद सुटतो. हाताचा दाब सगळीकडे सारखा लागतो. ते दोन दिवसांत येत नाही. त्या बाईनं मशीन बंद केलं, माझ्याकडे आली आणि म्हणाली, ‘ताई, आता तुम्हीच सांगा, कसब कशात आहे?’

पुढच्या महिन्यापासून पगार सारखे केले. स्टिचिंगचा एक जण रागानं सोडून गेला. मागच्या पंधरा वर्षांचा फरक मात्र मी दिला नाही. सगळा देता आला नसता, थोडा आला असता. तोही दिला नाही. मुलाखत घेणाऱ्यांनी हे विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. त्यांना पाच वर्षांहून जास्त झाली असतील आणि ग्रॅच्युइटी मिळाली नसेल, तर जुनी रजिस्टरं माझ्याकडे आहेत. त्यांना घेऊन या. पत्र नको, या.

तुमचं सगळ्यात मोठं नुकसान कशानं झालं? आम्ही द्राक्षबागायतदार, आमचं दरवर्षी कशानं ना कशानं होतंच, म्हणून विचारतोय.
— एक शेतकरी, निफाड तालुका

दादा, माझं नुकसानही तुमच्या द्राक्षांपायीच झालं.

२००५चा हंगाम. तोवर मी कंपन्यांच्या सुट्या भागांची खोकी बनवत होते. लोखंडाला काय, खोकं कोरडं असलं की झालं. पिंपळगावकडच्या एका निर्यातदारानं पाच किलोच्या पेट्यांची ऑर्डर दिली. मला वाटलं, लोखंड पेलणाऱ्या खोक्याला द्राक्षं म्हणजे काय! माप घेतलं, हवेसाठी भोकं पाडली, छान छपाई केली आणि माल पाठवला.

द्राक्षं कशी जातात ते तुम्हाला माहीत आहे, इतरांसाठी सांगते. तोडलेला माल आधी प्री-कूलिंगमध्ये जातो, मग शून्य अंशाच्या आसपास कोल्ड स्टोअरेजमध्ये, मग कंटेनर, मग बोट. युरोपला पोचायला तीन-चार आठवडे. घड सुकू नयेत म्हणून तिथे हवेत नव्वद टक्क्यांवर ओलावा ठेवतात. द्राक्षाला जे मानवतं तेच कागदाला मारतं. कागद तो ओलावा ओढून घेतो आणि पेटी हळूहळू मऊ पडते. थप्पी माणसाच्या उंचीपेक्षा जास्त. सगळं ओझं सगळ्यात खालच्या पेटीवर.

रंगपंचमीच्या आदल्या रात्री एक वाजता फोन आला. ‘मॅडम, पेट्या बसल्या.’

नाशिकबाहेरच्या वाचकांना कदाचित कल्पना नसेल, आमच्याकडे धुळवडीला फारसं कुणी रंगाला हात लावत नाही. गाव रंगतं ते रंगपंचमीला. पेशव्यांच्या काळातल्या रहाडी उघडतात, दगडी हौदच ते, आणि लोक त्या रंगीत पाण्यात उड्या मारतात. त्या दिवशी सुट्टी मागावी लागत नाही, असतेच. मी सकाळी सहाला सिडकोत एकेकीच्या दारात गेले. सतरा जणी आल्या. काहींची मुलं रडत होती. टेम्पोत बसून पिंपळगावला गेलो.

आत गेल्यावर बघते तर खालच्या तीन थरांतल्या पेट्यांच्या बाजू फुगलेल्या, कोपरे दबलेले, मणी फुटलेले. मी फक्त वजन धरलं होतं, ओलावा धरलाच नव्हता. वरचा कागद हलका वापरला होता, पेटीमागे रुपया-सव्वा रुपया वाचवायला. अठराशे पेट्या पुन्हा भरल्या. दुसऱ्या कारखानदाराकडून पेट्या त्यानं सांगितलेल्या भावानं उचलल्या. फुटलेल्या मालाचे पैसे निर्यातदारानं माझ्या बिलातून कापले, आणि त्याचं चुकलं असं मी म्हणू शकत नाही. वर्षभराचा नफा एका रात्रीत गेला आणि वर कर्ज झालं.

पण त्या दिवशी आमच्या बायका तिथल्या पॅकिंगच्या बायकांशेजारी बसल्या. कात्रीनं खराब मणी काढायचे, घड देठाला धरायचा, मण्यावरची लव पुसली जाऊ द्यायची नाही. परत येताना टेम्पोत आमच्यातली एक म्हणाली, ‘आपण भोकं पेटीला चांगली दिसतील अशी पाडलीत. शेजारच्या पेटीच्या भोकासमोर भोक येतच नाही. गार वारा जाणार कुठून?’ आमच्याकडे ड्रॉइंग होतं, फूटपट्टी होती, आणि हे एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. पुढच्या वर्षी भोकांच्या जागा तिच्या सांगण्यानं बदलल्या.

आणि कागद तपासायचं यंत्र परवडेपर्यंत आमची प्रयोगशाळा म्हणजे माझं न्हाणीघर. रात्री बंबात पाणी तापवून, दार लावून, वाफेत पेटी ठेवायची. सकाळी तिच्यावर लोडिंगच्या सगळ्यात जाड माणसानं बसायचं. बसली नाही तरच नमुना पास. मिस्टरांची अंघोळ त्या हंगामात कायम उशिरा.

२०१०ला युरोपनं फवारणीच्या औषधाच्या अंशावरून माल अडवला तेव्हाचं तुम्हाला सांगायला नको. तुमच्या बागा अडकल्या, आमच्या छापील पेट्या अडकल्या. एकाच्या नावानं छापलेली पेटी दुसऱ्याला विकता येत नाही. कापून कापून पार्टिशनं केली, दोन वर्षं तीच वापरली.

माझा लेबल छपाईचा छोटा उद्योग आहे. एक मोठी कंपनी पाच-पाच महिने पैसे देत नाही. बोलले तर ऑर्डर जाईल अशी भीती वाटते.
— एक उद्योजिका, अंबड

भीती खरी आहे, ती नाही असं मी म्हणणार नाही. आधी कायदा सांगते. २००६च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे तुमच्यासारख्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. तक्रार सरकारच्या एमएसएमई पोर्टलवर ऑनलाइन करायची, ती सुविधा परिषदेकडे जाते. आणि १ एप्रिल २०२४पासून आयकरातही पाचर बसली आहे. मुदतीत पैसे दिले नाहीत, तर समोरच्या कंपनीला तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच धरता येतो.

आता कायद्याबाहेरचं. तुमची उद्यम नोंदणी, म्हणजे सरकारदरबारी लघुउद्योग म्हणून नोंद, आहे का? नसेल तर यातलं काही पदरात पडणं अवघड. असेल तर तो नंबर प्रत्येक बिलावर ठळक छापा. तुम्ही लेबलंच छापता, तुम्हाला काय अवघड! पर्चेसवाल्याशी भांडू नका. त्यांच्या अकाउंट्सला मार्चच्या आधी, जानेवारीतच, थकबाकीची यादी ईमेलवर पाठवा. पर्चेसवाल्याला तुमची गरज कळत नाही, अकाउंट्सवाल्याला ऑडिटर कळतो.

मी एका कंपनीचं काम सोडलं. तिसरी ऑर्डर आली तेव्हा पहिलीचेच पैसे बाकी होते. ती माझ्या धंद्याचा चौथा हिस्सा होती. सहा महिने ओढाताण झाली. सगळ्यांना हे जमेल असं नाही. तुमच्या एकूण कामात त्या कंपनीचा वाटा किती ते आधी काढा. निम्म्याहून जास्त असेल तर आधी दुसरं गिऱ्हाईक शोधा, मग तोंड उघडा.

पीएमईजीपी या सरकारी रोजगार योजनेतून कर्ज काढून मसाल्याचं युनिट टाकायचं आहे. एक एजंट म्हणतो, दहा टक्के द्या, सबसिडी हातात आणून देतो.
— एक वाचक, सटाणा

तो एजंट खोटं बोलतो आहे, एवढं एका वाक्यात. सबसिडी कुणाच्या हातात येतच नाही. ती बँकेत तुमच्या नावानं तीन वर्षं मुदत ठेवीसारखी अडकून राहते, युनिट चालू असेल तर नंतर कर्जात वळती होते. स्त्रियांना शहरात २५ टक्के, ग्रामीण भागात ३५ टक्के, आणि स्वतःचे फक्त ५ टक्के घालावे लागतात. उत्पादनाच्या प्रकल्पाची मर्यादा ५० लाख. दहा लाखांच्या वरचा प्रकल्प असेल तर आठवी पास हवी. अर्ज ऑनलाइन आहे आणि फुकट आहे. उद्यम नोंदणीही फुकट आहे. अडलं तर जिल्हा उद्योग केंद्रात जा. पहिल्या खेपेला साहेब जेवायला गेलेले असतील, दुसऱ्या खेपेला भेटतात.

दहा टक्के वाचतील त्यातून झणझणीत मिरची आणि चांगला डबा घ्या.

घरच्यांची साथ होती का?
— एक वाचक, इंदिरानगर

सासूबाईंची होती. मिस्टरांची निवृत्तीनंतर आली. आता ते डिस्पॅचचं रजिस्टर लिहितात आणि एका खोक्याचाही फरक आला तरी गेट उघडू देत नाहीत. प्रेसची सवय.

२०२७च्या सिंहस्थात रामकुंडाच्या बाजूला खाण्याचा स्टॉल टाकावा म्हणतो. तुमचा अनुभव काय?
— एक तरुण, पंचवटी

२०१५ला एका केटररसाठी मी जेवणाचे कागदी बॉक्स केले होते. २९ ऑगस्टच्या पहिल्या पर्वणीला बंदोबस्त इतका कडक होता की गावातली माणसं घरातून निघाली नाहीत आणि बाहेरची चालून चालून दमली. निम्मे बॉक्स परत आले, अन्नाचं काय झालं ते विचारू नकोस. म्हणून पहिल्या पर्वणीच्या हिशेबानं माल भरू नकोस. पर्वण्या पावसाळ्यात येतात हेही ध्यानात ठेव. तू पंचवटीतला, नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं की काय होतं ते तुला शिकवायला नको. २ ऑगस्ट २०१६चा पूर पाहिला असशील. सामान घाटाजवळ रात्री ठेवायचं नाही.

लॉकडाऊनमध्ये महामार्गावर पुठ्ठे वाटणाऱ्या बायका तुमच्याच होत्या का?
— एक वाचक, विल्होळी

आमच्याच. २०२०चा मे महिना. औषधांच्या आणि खाण्याच्या पॅकिंगला परवानगी होती म्हणून आमचं युनिट निम्म्या माणसांवर चालू होतं. मुंबईहून चालत निघालेली माणसं आग्रा रोडनं जात होती, लहान मुलांसकट. खाणं बरेच जण देत होते, आमच्या गल्लीतूनही पोळ्या जायच्या. आमची एक बाई पाथर्डी फाट्याजवळ राहते. ती म्हणाली, ‘ताई, खायला मिळतंय, पण डांबर इतकं तापलंय की बसता येत नाही.’ मग थ्री-प्लायची शीटं कापून दिली, माणसाला आडवं होता येईल एवढी. दिवसा खाली घालायची, उन्हात डोक्यावर धरायची. एका माणसानं चाकू मागून घेतला आणि पुठ्ठ्याचे दोन तळवे कापून फाटक्या चपलेत घातले. मग आम्ही तळवेही कापून ठेवायला लागलो. लहान, मध्यम, मोठे.

किती दिले ते मोजलं नाही. त्याच वर्षी दिवाळीनंतर क्राफ्टचे भाव कडाडले आणि कागदाची एकेक चिंधी मोजायची वेळ आली. तेव्हा मिस्टर रजिस्टर बघून म्हणाले होते, ‘मे महिन्यातली शीटं कुठेच धरलेली नाहीत.’ मी म्हटलं, ‘राहू दे.’

काकू, मला शाळेच्या प्रोजेक्टसाठी पुठ्ठ्याचा रामसेतू करायचा आहे. फेविकॉल संपला. आई म्हणते तुम्हाला विचार. मी सहावीत आहे.
— एक विद्यार्थिनी, नाशिकरोड

शाब्बास, हाच खरा प्रश्न.

खळ कर. दोन मोठे चमचे मैदा घे. आधी थोड्या गार पाण्यात गुठळी राहणार नाही असा कालव. मग एक कप पाणी उकळायला ठेव, आईला जवळ उभं कर, आणि ते कालवलेलं हळूहळू ओतत सतत ढवळ. पांढरं जाऊन काचेसारखं दिसायला लागलं की उतरव. गार झाल्यावर लाव. माझे वडील कीड लागू नये म्हणून त्यात मोरचूद घालायचे. तू घालू नकोस, ते विष असतं. थोडं मीठ घातलंस तरी चार दिवस टिकेल.

पुठ्ठ्याच्या कडेला बघ, आत लाटा दिसतील. पुलाच्या खांबाला त्या लाटा उभ्या आल्या पाहिजेत, आडव्या नाही. आडव्या लावल्यास तर खांब बसेल. खळ पातळ लाव, वर जाड पुस्तक ठेव आणि रात्रभर हात लावू नकोस.

पुठ्ठा कमी पडला तर बाबांना घेऊन सातपूरला ये, कतरण ढिगानं पडलेली असते. शनिवारी नको, आम्हाला सुट्टी असते. आणि उरलेली खळ मोरीत ओतू नकोस, पाइप तुंबतो.